परदेशी शिक्षणाची तयार उत्तरं घेऊन मी तांड्यावर गेले

"ताई, तुमी येता का? घरात आई माझं ऐकूनच न्हाई राहिली." काजलने फोनवर एवढंच विचारलं. आणि मी, जिला कोथरूडातून कॅम्पात जायचं तरी दोन दिवस मनाची तयारी करावी लागते, "येते" म्हणून मोकळी झाले.

काजल या ब्लॉगची जुनी वाचक. मी जर्मनीत शिकत होते तेव्हाचे लेख वाचून तिने मेसेज केला होता, तेव्हापासून आमच्या गप्पा चालू आहेत. परभणीला शेतीची पदवी घेतली, मातीवर पुढे शिकायला जर्मनीत प्रवेश मिळाला, वर शिष्यवृत्तीही मिळाली. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. वडील तयार होते. आई, म्हणजे काजलची याडी शेवंताबाई, महिनाभर या विषयावर एक शब्द बोलली नव्हती, आणि त्या घरात आईचं गप्प बसणं म्हणजे नकार.

पुण्याहून नांदेडपर्यंत रेल्वे, पुढे हिंगोलीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आपण सरकारवर उपकार करतोय अशा थाटात खिडकी पकडावी. अर्धापूर मागे टाकून गाडी वारंगा फाट्यावर थांबली की खाली उतराच. तिथला चहा गोड म्हणजे चमचा उभा राहील इतका, पण गरम भज्यांबरोबर चालून जातो.

शेजारी धोतर-टोपीतले एक काका होते. कुठं, काहून, कोणाकडं, सगळं विचारून झालं. जर्मनी म्हटल्यावर ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "तिथं पोरं हाटेलात भांडे घासतात बरं. आन घरी सांगतात, मोठ्या कंपनीत हाय."

"मीही घासलीत, काका. कॉलेज सांभाळून."

काका एकदम ओशाळले. मग भज्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांची माहिती अर्धी बरोबर होती. भांडी घासून किराणा निघतो. सगळं शिक्षण निघतं, ही मात्र अफवा, आणि ती भांडी न घासणारे लोकच पसरवतात.

आखाडा बाळापूरला काजल आणि तिचे वडील रामराव मोटारसायकल घेऊन उभे. तिघं एकाच गाडीवर, मध्ये माझी बॅग. मार्च होता, हळदीची काढणी उरकत आलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत पसरलेली आणि हवेत तिचा ओलसर, मातकट वास. कुणाला हा भाग बघायचा असेल तर याच दिवसांत या. राहायला हिंगोलीत साधी लॉज आहेत. मी काजलच्याच घरी, बंजारा तांड्यावर उतरले.

खरं सांगायचं तर मी अभ्यास करून गेले होते. परदेशी शिक्षणाबद्दलचे सगळे गैरसमज मला पाठ, प्रत्येकावर उत्तर तयार. संध्याकाळी देवळासमोर बैठक बसली. तांड्यावर मोठी गोष्ट नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, बोलायची पद्धत आहे. थावरा नायक म्हणजे पांढऱ्या मिशांचे, डोळ्यांत सतत हसू असलेले गृहस्थ. आपसात सगळे आपल्या गोरमाटी बोलीत बोलायचे आणि माझ्यासाठी मराठीवर यायचे.

मी सुरुवातच दणक्यात केली. "जेवणाची काळजी करू नका. तिथं शाकाहारी सगळं मिळतं."

नायक म्हणाले, "आमी मटण खातो, बाई. बोकडाचं भेटते का तिथं, ते सांग."

देवळासमोर असा हशा पिकला की दोन कोंबड्या उडाल्या. माझं पहिलं उत्तर असं गेलं. पुढचीही तशीच गेली. "हे फक्त श्रीमंतांसाठी नसतं, तिथल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळजवळ नसते," म्हटलं, तर रामराव म्हणाले, "ते ठाव हाय. काजलनं समदं समजून सांगितलं." मराठी शाळेतली पोरं मागे पडत नाहीत, म्हटलं, तर एक आजोबा चिडलेच. "मागं कशाला पडंल? आमची पोरगी हाय ती!"

मग मी ठेवणीतलं काढलं. म्हटलं, तुमचे पूर्वज तर बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालायचे, तुम्हाला प्रवासाचं काय भय! मला वाटलं, आता टाळ्या.

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "तवा पुरा तांडा संगं जायचा. लेकरं, बैलं, कुत्रे बी. एकटं कोणी जात नव्हतं."

त्या शेवंताबाई होत्या. महिन्याभरातलं त्यांचं या विषयावरचं पहिलं वाक्य. बैठक तिथेच मोडली.

रात्रीच्या जेवणाला बोकडाचा रस्सा (माझ्यासाठी वांग्याची भाजी), ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता. चुलीपुढे मी आणि शेवंताबाई दोघीच उरलो. भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "तू काहून आली वापस?"

मायभूमीची ओढ वगैरे मला सुचलं होतं. पण त्या अशा बघत होत्या की खोटं बोलवेना. "यायचं होतं म्हणून आले, मावशी. तिथं मला कुणी धरून ठेवलं नाही. माझी खोलीतली मैत्रीण मात्र तिथंच राहिली, तीही सुखात आहे. कोण येईल, कोण राहील, हे मला सांगता येणार नाही."

"आन तकलीफ झाली तर?"

"पहिल्या थंडीत मी तापाने पडले होते. वरच्या मजल्यावरची एक म्हातारी रोज सूप आणून द्यायची. माझी ओळखसुद्धा नव्हती. पण रडले खूप, तेही खरं."

त्यांनी फक्त एक भाकरी जास्त वाढली. अंथरुणावर पडल्यावर मला वाटलं, झालं, पोरीचं आपणच वाटोळं केलं. गोड बोलायला काय जात होतं!

सकाळी मी बॅग घेऊन अंगणात आले आणि बघतच राहिले. तांड्यावरच्या दहा-बारा बाया जमलेल्या. म्हाताऱ्या तर आरशांच्या कांचळ्या, हस्तिदंती बांगड्या अशा पूर्ण थाटात. तांड्यावर बातमी पसरली होती की पुण्याची बाई काजलला न्यायला आली आहे आणि आज घेऊन चालली. लेक तांडा सोडते ती लग्नात, आणि तेव्हा तिच्या गळ्यात पडून रडत ढावलो, निरोपाचं गाणं, म्हणायचा, ही त्यांची रीत. मग लग्न नसलं म्हणून काय झालं? रीत ती रीत. काजल काही सांगायच्या आत सगळ्यात म्हाताऱ्या बाईने तिला कवेत घेऊन सूर लावलाही. बाकीच्यांनी धरला. मला शब्द कळत नव्हते, तरी मी बॅग खाली ठेवली. काजल एकीकडे हसत होती, एकीकडे तिचे डोळे वाहत होते.

घरातून शेवंताबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. म्हातारीचा हात धरून त्यांनी काजलच्या गळ्यातून सोडवला आणि गोरमाटीत काहीतरी कडक बोलल्या. सूर थांबला. मग माझ्याकडे वळून, मलाही कळावं म्हणून, त्यांनी तेच मराठीत सांगितलं.

"ढावलो सासरी जाणारीचा असते. ही शिकायला जाऊन राहिली. वापस येईल."

रामराव खाटेवरून उठले ते पुन्हा बसले. काजलला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग तिने आईला अशी मिठी मारली की दोघीही पिठाने माखल्या. बाया आल्याच होत्या, म्हणून चहा झाला. आणि म्हातारी कुरकुरत राहिली, की पूर्ण तरी म्हणू द्यायचा.

पुण्यात परतून आठवडा झाला. वाचक मला नेहमी विचारतात, मुलं परत येतील याची खात्री काय? अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. मी तर शेवंताबाईंना तोंडावर तसं सांगितलं होतं, आणि ते ऐकूनच त्यांनी सगळ्या तांड्यासमोर "वापस येईल" म्हटलं. त्या धाडसापुढे माझी सगळी तयार उत्तरं मला फार पोरकट वाटतात.

सोमवारी काजलचा फोन आला. होकार कळवला होता. "ताई, याडी विचारून राहिली, तिथली पहिली सुट्टी कवा असते?"

डिसेंबरच्या शेवटी, मी म्हटलं, पण तेव्हा विमानाचं तिकीट फार महाग असतं, पहिल्या वर्षी येणं जमेलच असं नाही.

काजलने ते आईला सांगितलं. मग लांबून शेवंताबाईंचा आवाज आला.

"मंग तिला इचार, दुसरी कवा असते?"