चार मिनिटं पुढचं घड्याळ

"पत्र कवटाळून काय बसलीयस? वाच की मोठ्यानं!" नवरा भिंगाआडून म्हणाला. जुना घड्याळजी तो. दुकान मुलाच्या हाती दिलं तरी डोळ्यावरचं भिंग काही सुटलं नव्हतं.

बाईंनी वाचलं. पत्र शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकेचं होतं. सोमवारी शाळा उघडतेय, फाटकाला नवा रंग दिलाय, पहिल्या दिवशी त्याची कडी तुमच्याच हातानं लागावी अशी इच्छा आहे. खाली सही आणि सहीखाली: 'तुमची विद्यार्थिनी, सातवी ब, शेवटचा बाक.'

"अगं, मान आहे हा!"

"मान कापायचं आमंत्रण आहे," बाई म्हणाल्या. "तीच मुलगी आहे ही."

घड्याळजींच्या हातातला चिमटा तसाच राहिला. तीच म्हणजे कोण, हे त्या घरात विचारावं लागत नसे.

एकोणीस वर्षं बाई त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'कडी'. घंटा झाली की बाई फाटकात, नजर मनगटावर, आणि खट्ट! बाहेरचा तो बाहेर. दहा मिनिटं उभं राहायचं, मग बाई स्वतः कडी काढणार. एकदा तपासणीचे साहेब अडकले, तर त्यांनाही दहा मिनिटं. पण एखादं पोर तीन दिवस दिसलं नाही, की चौथ्या दिवशी त्याच्या दारात उभ्या राहणाऱ्याही ह्याच बाई.

त्या दिवशी मात्र शिष्यवृत्तीची परीक्षा होती. घंटेनंतर कुणालाही प्रवेश नाही, असा वरूनच हुकूम. बाईंनी घड्याळ बघून घंटा द्यायला लावली, कडी सरकवली, आणि गजांपलीकडे सातवी ब मधली सगळ्यात हुशार मुलगी उभी. हमसून हमसून रडत होती. बाईंनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

दुपारी रेडिओवर बातम्या लागल्या आणि बाईंनी मनगटाकडे बघितलं. त्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं.

"मीच केलं," घरी नवरा कबूल झाला. "उशीर होतो म्हणून रोज माझ्या नावानं शंख करत होतीस ना!"

तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर कदाचित पेपर पुन्हा झाला असता. पण बाईंनी तोंड शिवून घेतलं. मुलीचा बाप ऑफिसात येऊन वाट्टेल ते बोलून गेला, ते खाली मानेनं ऐकलं. वर्ष संपलं, मुलगी दाखला घेऊन गेली. ह्याला झाली सत्तावीस वर्षं.

सोमवारी निघताना घड्याळजींनी बायकोच्या मनगटावर घड्याळ बांधलं. "आज बरोबर लावलंय हो. तुझी शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घ्या!"

फाटक हिरवंगार झालं होतं. मुख्याध्यापिका लगबगीनं पुढे आली. उंच, चष्मा, खांद्यावर खडूची पांढरी बोटं. ती काही बोलायच्या आत बाईंनी तिला बाजूला ओढलं.

"आधी माझं ऐक. त्या दिवशी तू वेळेत होतीस. माझं घड्याळ पुढे होतं, चार मिनिटं. मला दुपारीच कळलं होतं आणि मी गप्प बसले."

मुख्याध्यापिकेनं तोंडावर हात घेतला. बाईंना वाटलं, आता रडणार. तर बोटांमधून खुसखुस फुटली.

"बाई, मी वह्यांच्या दुकानामागे लपले होते!"

"काय?"

"अर्धा तास! कडीचा आवाज आल्यावर पळत आले. पास झाले असते तर लांबच्या वसतिगृहात धाडणार होते मला. बाबांपुढे बोलायची काय बिशाद? म्हटलं, बाईंची कडी आहे ना, ती वाचवेल."

"आणि ते रडणं?"

"नाटक. बाबा तुम्हाला ओरडले ना, ते ऐकून मात्र खरं रडले. तेच सांगायला बोलावलं तुम्हाला. धीर होत नव्हता."

बाई फाटकाला टेकल्या. रंग ओला नव्हता, हे नशीब. सत्तावीस वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवला होता. त्यांना आधी रागच आला, मग हसू आलं, आणि मग ते आवरेचना.

घंटा झाली. बाईंनी डोळे पुसले, पाठ ताठ केली.

"बाहेर हो."

"अं?"

"लपून बसलीस, वर रडण्याचं सोंग केलंस. दहा मिनिटं. चल!"

मुख्याध्यापिका निमूट फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. खट्ट! सगळं पटांगण चिडीचूप. पहिलीतल्या एका चिमुरडीनं बाईंचा पदर ओढला. "आज्जी, मोठ्या बाईंना उशीर झाला?"

"हो गं. सत्तावीस वर्षं."

सहाच मिनिटांनी बाईंनी कडी काढली.

"अजून चार राहिली, बाई," बाहेरून आवाज आला.

"ती माझी होती," बाई म्हणाल्या. "ये आत."