लाइन थांबवणारे काका

अख्ख्या इंग्लंडवर एकट्याने चिडलेला माणूस मी एकच पाहिला आहे: रीडिंगमधले आमचे शेजारचे काका. उमेदीची वर्षं त्यांनी वेल्समधल्या एका जपानी टीव्ही कारखान्यात काढली. पुढे कंपनीने तो बंद करून काम पूर्वेकडे नेलं. पण काकांचा राग कंपनीवर नाही, इंग्लंडवर. ट्रेन रद्द झाली, बॉयलरवाला आला नाही, कौन्सिलने तोच खड्डा पुन्हा बुजवला, की काका मला कुंपणापाशी गाठतात. "जपान वर आला, मग कोरिया, मग तैवान. म्हणे स्वस्त मजुरी! मजुरी काय आपल्याकडे भारतात महाग होती? अरे, चूक दिसली की ते थांबतात. इथे सॉरी म्हणतात आणि तीच चूक पुढे ढकलतात!" मला मुळात कशातही स्वतःचाच दोष दिसतो, त्यामुळे त्या खड्ड्याबद्दलही मीच मान खाली घालून उभा असतो.

त्यांच्या कारखान्यात डोक्यावरून एक दोरी गेलेली असे. दोष दिसला की कुठल्याही कामगाराने ती ओढायची, उत्पादनाची अख्खी लाइन थांबायची, आणि साहेबाने ओढणाऱ्याचे आधी आभार मानायचे. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात वडापावचं काम काकांकडे आलं, तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी तशीच दोरी बांधली, टोकाला देवघरातली घंटा. बटाटे, गोळे, तळण, चटणी अशी माणसं ओळीने उभी केली. आणि ऐन गर्दीत तळणावरच्या मावशींनी घंटा वाजवली. वड्याचं पीठ आतून कच्चं होतं.

"थँक यू, मावशी!" काका ओरडले आणि सगळं थांबवून कढईवर वाकले. बाहेरची रांग कुरकुरू लागली, तसे मंडळाचे अध्यक्ष आत धावले.

"अहो काका, पब्लिक शिव्या घालतंय! द्या ना तसेच!"

"कच्चे देऊ?"

"चटणीखाली कोणाला कळतंय?"

"हेच! असंच करून करून या देशातले कारखाने गेले!"

अध्यक्षांनी कात्री घेतली आणि दोरी कापून टाकली.

यंदा मंडळाच्या समितीने काकांऐवजी लेस्टरचा केटरर ठरवला. माझा अजून तिळपापड होतो. समितीतले निम्मे लोक ऑफिसात याच जपानी पद्धतीचे ट्रेनिंग कोर्स घेतात, झकास स्लाइड्स दाखवतात. आणि ती खरोखर पाळणारा माणूस त्यांना चक्रम वाटला! मी भांडलो. काकांच्या बाजूने मत एकट्या माझंच पडलं. कारखाना गेल्यापासून काकांचा शब्द चालावा अशी ती एकच जागा उरली होती, आणि ती गेल्याचं सांगायचं काम चिटणीस म्हणून माझ्याकडे आलं.

काही बिघडलं की मुळाशी पोचेपर्यंत 'का' विचारत राहायचं, ही त्यांची आणखी एक सवय. मी सांगितल्यावर ते चिडले नाहीत. "का?" एवढंच म्हणाले.

"रांग अडली म्हणून."

"का अडली?"

"वडे कच्चे होते."

"का?"

"तेल तापत नव्हतं. हॉलची शेगडीच मंद आहे, काका."

"मग शेगडी का नाही बदलली? मला का बदललं?"

खड्ड्याच्या वेळी घालतो तशी मी मान खाली घातली.

"उत्तर नाही म्हणजे अजून मुळाशी पोचलो नाही आपण," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जाऊ दे. तू नको वाईट वाटून घेऊस."

इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.