जावयाच्या सात पिढ्या

चहा घ्या, बिस्कीट बुडवा, पण हसणार नाही असं आधी कबूल करा. नाही जमणार? जाऊ द्या! मुलीच्या साखरपुड्यात मी भरल्या हॉलमध्ये जो पराक्रम गाजवला, त्यावर अख्खी धायरी अजून हसतेय. मग तुम्हीच कशाला मागं राहताय?

आमची मुक्ता शिकायला इंग्लंडला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "बाबा, मला ऑलिव्हर आवडतो. आम्हाला लग्न करायचंय." मुलगा व्हिडिओ कॉलवर पाहिला. लाजरा, हसरा, हात जोडून 'नमस्कार' म्हणणारा. आम्हा नवराबायकोला एकदम पसंत!

अडलं ते थोरल्या भावापाशी. दादा म्हणजे आमच्या भावकीतला शेवटचा शब्द. तो म्हणाला, "पोरगा गोरा हाय, त्ये दिसतंय. घराणं कसं हाय? त्ये कळल्याबिगर मी हॉलची पायरी चढणार न्हाई."

आता दादा नाही म्हणजे भावकी नाही! मुक्ता फोनवर रडकुंडीला आली. आणि इंग्लंडात चौकशी करायला आपला कोण बसलाय? स्थळ वाघोलीचं असतं, तर मावसभावाला पाठवलं असतं.

पण मी रिटायर्ड तलाठी! जन्म गेला वारसनोंदी करण्यात. कुणाचा बाप कोण, हे मी झोपेतही सांगतो. म्हटलं, जिथं माणसं आहेत तिथं दप्तर असणारच. आणि खरंच की हो! तिकडं गावोगावच्या चर्चनी बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळ्याच्या नोंदी शेकडो वर्षं लिहून ठेवल्यात, आणि आता त्या घरबसल्या नेटवर दिसतात. मी मुक्ताला त्यांचं गाव विचारलं, मुलाचं पूर्ण नाव विचारलं.

"ऑलिव्हर वॉल्टर मार्श. पण कशाला हवंय, बाबा?"

"असंच गं."

झालं! पोरगा ऑलिव्हर, बाप वॉल्टर, आडनाव मार्श. आणखी काय पाहिजे?

सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, पण मुक्ता त्याच्या वडलांना पीट म्हणते."

"ते घरचं नाव! आपल्याकडं नसतो का पिंट्या? कागदावर वॉल्टर, घरात पीट."

"एकदा पोरीला विचारा तरी."

"तलाठ्याला शिकवू नकोस!"

लागलो कामाला. त्या गावच्या चर्चच्या दप्तरात वॉल्टर मार्श सापडला की लगेच! वॉल्टरचा बाप आल्फ्रेड, आल्फ्रेडचा सॅम्युएल, असा वर वर चढत गेलो. अक्षर असलं की आपली मोडी परवडली. ताटातलं जेवण गार व्हायचं आणि मी चर्चमध्ये! एकाला बारा पोरं. एक चर्चची घंटा वाजवायचा. एक जत्रेहून पिऊन येताना विहिरीत पडून मेला. पाद्र्यानं दफनाच्या नोंदीशेजारी तसं स्पष्ट लिहून ठेवलंय.

"आपल्यातलेच वाटतात," सुनंदा म्हणाली.

आणि सातव्या पिढीला मूळपुरुष हाती लागला. शेतकरी! स्वतःची जमीन असलेला! मी धावत दादाकडं गेलो. दादानं विचारलं, "बागायत का जिरायत?"

म्हटलं, "तिकडं बारमाही पाऊस."

"मंग बागायतच," दादा म्हणाला आणि त्यानं कपाटातून फेटा काढायला सांगितला.

साखरपुड्याला मुक्ता-ऑलिव्हरबरोबर इंग्लंडहून व्याही-विहीणबाई आले. व्याही तर फेटा बांधून घेऊन असे खूश, की आरशापुढून हलेनात. मी कुणालाही न सांगता फ्लेक्स छापून आणला होता. स्टेजएवढं झाड, फांदीफांदीवर एकेक मार्श, आणि शेंड्याला इंग्रजीत ठळक लाल अक्षरं: चि. ऑलिव्हर, वडील श्री. वॉल्टर. माइक घेतला, पडदा ओढला आणि माझ्या धायरी इंग्रजीत, विहिरीत पडलेल्यासकट सगळे पूर्वज वाचून दाखवले. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "आणि हा ऑलिव्हर, वॉल्टर यांचा सुपुत्र!"

आमच्या भावकीच्या टाळ्या! व्याह्यांनी मात्र बायकोकडं पाहिलं. विहीणबाई लालबुंद झाल्या.

मुक्ता दातओठ खात माझ्या कानाशी आली, पण हातातला माइक चालूच होता. "बाबा, पीट म्हणजे पीटर! ऑलीच्या वडलांचं नाव पीटर आहे. वॉल्टर हे नुसतं मधलं नाव. त्याच्या आईच्या वडलांची आठवण म्हणून ठेवलंय!"

म्हणजे बघा, भर साखरपुड्यात मी नवऱ्या मुलाला त्याच्या आजोळच्या आजोबांचा मुलगा करून टाकला होता! आणि फ्लेक्सवरच्या सात पिढ्या? भलत्याच कुणा मार्शच्या!

दादा उभा राहिला. "मंग ह्यो इहिरीत पडल्याला कुनाचा?"

मुक्ताच्या डोळ्यांत पाणी. पोरीचं लग्न आपण आपल्या हातानं मोडलं, एवढंच डोक्यात येत होतं.

तेवढ्यात विहीणबाई उठून माझ्याजवळ आल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्याकडं मधलं नाव नेहमी वडलांचं असतं?"

"नेहमी."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "मग श्रीकांत कोण?"

"मीच की!"

व्याही जे हसत सुटले, ते फेटा सुटेपर्यंत. विहीणबाईंनी पिशवीतून त्यांची भेट काढली. आपल्या गोधडीसारखी, ठिगळं जोडून त्यांनी स्वतः शिवलेली डबल बेडची गोधडी. मधोमध रेशमी धाग्यानं मोठा बदाम आणि त्यात भरतकाम: ऑलिव्हर वॉल्टर, मुक्ता श्रीकांत! पासपोर्टवर तसं होतं हो. त्यांना वाटलं, पोरीचंच दुसरं नाव.

हॉल हसून लोळला. दादानं एकदा फ्लेक्स पाहिला, एकदा गोधडी पाहिली. "दोन्हीकडची अक्कल सारखीच हाय. सोयरीक जमली! घाला अंगठ्या."

मुक्ता हसता हसता रडली आणि मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर मात्र लाज वाटायला लागली. नवराबायकोच्या पांघरुणावर सासऱ्याचं नाव, बरं दिसतं का ते? सुनंदाला म्हटलं, "श्रीकांत तेवढं उसवून दे ना गं."

"राहू द्या. लेकीच्या संसारात नाक खुपसायची हौस होती ना? आता तिकडच्या थंडीत कायमचं खुपसून बसा!"