पारूमावशीच्या सहा कोंबड्या

आमच्या पासली गावात मला सगळे बारकाईचा माणूस म्हणतात. ती बारकाई कशी उघडी पडली, ते आज सांगूनच टाकतो. हसा खुशाल!

शेजारच्या पारूमावशी लेकीच्या बाळंतपणाला उत्रोलीला निघाल्या. जाताना सहा कोंबड्या माझ्यावर सोपवल्या. "भाऊ, लेकीगत वाडवल्यात. तुमच्याबिगर कुनावं इस्वास न्हाई."

एवढा विश्वास! मी लगेच एक वही सुरू केली. कोंबड्या खुराड्यातून कधी निघाल्या, कधी आत गेल्या, सगळं मिनिटासकट.

चार दिवस छान गेले. पाचव्या दिवसापासून कोंबड्या सकाळी तासभर उशिरा बाहेर येऊ लागल्या. आणि संध्याकाळी? पाचलाच आत जाऊन माना खाली घालून गप्प!

रोगच असणार! एक जरी दगावली तर मावशींना काय तोंड दाखवू?

सहाही पाटीत घातल्या, वर जाळी बांधली आणि एसटीनं वेल्ह्याचा जनावरांचा दवाखाना गाठायला निघालो. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, लगीन हाय का काय?"

दवाखान्याच्या अंगणात, लख्ख उन्हात जाळी सोडली. सहाही टुणकन बाहेर! एक तर थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर.

"आजारी कुठल्या?"

"ह्याच."

"मग धडधाकट कशा असतात हो?"

मी वही पुढं केली. त्यांनी शांतपणे पानं उलटली. "मंगळवारी काय लिहिलंय? वाचा."

"ऊन लागू नये म्हणून खुराडं आणि पुढचं जाळीचं आवार, दोन्हींवर दुहेरी काळी ताडपत्री बांधली."

"आणि बुधवारी?"

"कोंबड्या... लवकर झोपल्या."

"अहो, कोंबडी घड्याळ बघत नाही, उजेड बघते. उजेड मंद झाला की तिला वाटतं, सांज झाली. तुम्ही त्यांचा दिवसच आखूड केलात! सावली अर्ध्याच आवारावर करा."

बाई एकदाही हसल्या नाहीत. त्यांचे ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

ताडपत्री निम्मी काढली. दोन दिवसांत कोंबड्या पूर्ववत.

मावशी परतल्या. मी सगळं कबूल केलं, वहीसुद्धा दाखवली. त्या रागावल्या नाहीत. उलट चार अंडी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या,

"लई जीव लावलात, भाऊ. पर दिसभर कोंबड्यांकडं बगत बसण्यापरीस येकदा वर बगायचं व्हतं!"