लॉनमधलं निंदण

माझे यजमान गेले आणि दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये, मी एकटी उरले. मार्चमध्ये मुलगा सुगत मला त्याच्या नोएडाच्या घरी घेऊन आला. "दिवाळीपर्यंत राहून बघ आई, नाही करमलं तर परत सोडतो," म्हणाला. मी मान डोलावली, पण धास्ती वेगळीच होती. मला करमेल हो, यांनाच माझी अडचण झाली तर? हॉस्पिटलात मीरा सिस्टर म्हणून अख्खा वॉर्ड धाकात ठेवलेली बाई मी, आणि इथे पाण्याचा ग्लास कुठला घेऊ म्हणून सुनेच्या, उत्तराच्या, तोंडाकडे बघायची.

तेव्हा ठरवलं, काहीतरी कामाला यायचं. पण झाडूपोछाला बाई होती आणि स्वयंपाकघर उत्तराचं होतं. उरलं घरापुढचं लॉन. ते सुगतचं.

मी आले तेव्हा लॉन थंडीनं पिवळं पडलेलं. मला वाटलं, मेलं. "मेलं नाही, सोया हुआ है," म्हणत त्यानं मूठमूठ खत फेकलं, पाणी दिलं. खरंच जाग आली त्याला. मी चष्मा लावून वाकून बघते तर काय, हरळी! आमच्या यवतमाळकडे जिच्यापायी माझ्या आईची कंबर गेली, ती. लोकांच्या शेतात आई निंदायला जायची आणि तिच्यामागे खुरपं घेऊन मी. आणि माझा मुलगा तिला युरिया चारत होता. मी गप्प बसले. पाहुण्या बाईनं बोलू नये.

उन्हाळ्यात तो ऑफिसच्या आधी तिला पाणी पाजायचा. इतक्या मायेनं त्यानं मला कधी चहा विचारला नव्हता. हो, जळत होते मी, गवतावर.

पावसात मोथ्याचं तण माजलं. औषध मारावं तर चांगलं गवतही जळेल म्हणून सुगत हैराण. माझी संधी चालून आली.

"मी काढते," म्हटलं.

"फक्त मोथा हं, आई. ऑक्टोबरमध्ये पुन्हा खत द्यायचंय."

"तू मला शिकवतोस?"

दोघं ऑफिसला गेल्यावर मी भिंतीच्या कडेनं उकिडवी बसले. माती ओली, हातात खुरपं. पहिली ओळ मोथ्याचीच काढली, हे पक्कं आठवतं. पुढे हातांनी मला विचारणं सोडलं. गाठीगाठीनं पसरलेलं काही दिसलं की खुरपं खाली जायचं, आणि मूळ सलग निघालं की असं सुख वाटायचं की मी चक्क गुणगुणत होते. घोळ तेवढी राखली, भाजी होते म्हणून. दुपारी कंबर सरळ करायला उठले, मागे वळून बघितलं. अर्धं लॉन साफ. नुसती माती, मधे घोळीची बेटं, आणि कोपऱ्यात सुगतच्या लाडक्या गवताचा ढीग.

मला रडू फुटलं. आत जाऊन बॅग भरली.

संध्याकाळी सुगत फाटकातच थांबला. आधी लॉन बघितलं, मग माझी बॅग.

"हे काय?"

"निंदलं रे. चुकून. मला मयूर विहारला सोड."

तो बूट काढून मातीत उतरला, ढिगातली एक काडी उचलली.

"हे परत लागतं का गं?"

"लागतं. मातीत खोचायचं."

"मग चलो."

उजेड होता तोवर आम्ही मायलेक हरळी लावत बसलो. माझ्या आईनं हे बघितलं असतं तर त्याच खुरप्यानं मला बदडलं असतं.

"ऑक्टोबरपर्यंत हिरवं होईल?" त्यानं विचारलं.

मी मातीकडे बघत म्हटलं, "छे. आता थंडी येईल. मार्च उजाडेल बघ."

"अच्छा? मग दिवाळीचं जाणं कॅन्सल. उपटलंस तू, हिरवंही तूच करून द्यायचं."

माझा जीव असा भांड्यात पडला की डोळे पुसायला मातीचाच हात लावला.

पोळ्याला उपटून टाकलेली हरळी दसऱ्याच्या आत पुन्हा अख्खं वावर धरते, हे मी शाळेत जायच्या आधीपासून जाणते. मी पुढची काडी खोचली.