आईने पाहिलेला दिवा

२००७ च्या हिवाळ्यात मी कणकवलीला एका दैनिकात उपसंपादक होतो. अवकाश स्थानक आपल्याकडून कधी दिसेल, याची छोटी चौकट मीच करायचो. त्या आठवड्यात ती जाहिरातीमुळे उडाली.

नेमका तेव्हाच मालवणजवळच्या गावातून मोठ्या भावाचा फोन आला.

"रे, ता तुझा यान परत कधी दिसतला?"

या विषयावर तो नेहमी माझी टिंगल करत असे. मला बरे वाटले. सांगितले, शुक्रवारी, काळोख पडता पडता. समुद्राकडून येईल, डोक्यावरून जाईल. आवाज नाही, लुकलुक नाही.

"पोरांका दाखवतंय," तो म्हणाला.

शुक्रवारी कचेरीच्या गच्चीवरून मी ते पाहिले. गावी पुतणेही बघत असतील, असे वाटले.

पंधरवड्याने घरी गेलो, तेव्हा समुद्रालगतची आमची माडांची जागा हॉटेलवाल्याला विकली गेली होती. वडिलांची होडी तिथे लागायची. त्यांच्या मागे जागा आईच्या नावावर होती. भावाला ती विकायची होती, आई वर्षभर नाही म्हणत होती.

"तू सही कशी केलीस?" मी विचारले.

"देवीन सांगल्यान," आई म्हणाली. ती खुशीत होती.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणे मोठ्याने घालतात. आईनेही भावाच्या फोनच्या आदल्या संध्याकाळी तुळशीपुढे घातले होते, "देवी आई, जागा इकू काय नको, ता तूच माका दाखव." भाऊ तिथेच खळ्यात, म्हणजे अंगणात, बसला होता. त्या शुक्रवारी सकाळी त्याने आईला सांगितले, "देवी सपनात इली. आज तिन्हीसांजेक समुद्राकडसून दिवो इलो, तर तिचो होकार समज."

दिवा आला. सोमवारी आईने सही केली.

ते अवकाश स्थानक होते, त्यात माणसे राहतात, ते पुन्हाही दिसेल, हे मी तिला समजावले.

"तेका म्हायत होता?" शेवटी तिने विचारले.

"मीच सांगितलं होतं. फोनवर."



"मगे माझ्या बाजूक हात जोडून कित्याक उबो रवलो तो?"