जळकी केबल

भंगारवाला कोपऱ्यावर तांब्यासाठी जुनी केबल जाळतोय. त्या जळक्या वासाने माझं डोकं अजून फिरतं.

नव्वदच्या दशकात तंजावुरात केबल नवी होती. केबलवाला आमच्याच माडीवरून गल्लीला सिनेमा दाखवायचा, आणि त्याआधी मी त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसून गावच्या बातम्या वाचायचे. एका संध्याकाळी मी वाचलं, की नगरसेवकाने गटाराचं कंत्राट स्वतःच्या मेहुण्याला दिलं. लगेच त्याची माणसं आली. आमच्याकडे घरी आलेल्याला कॉफी दिल्याशिवाय पाठवत नाहीत, म्हणून आईने त्यांनाही दिली. त्यांनी ती सावकाश फुंकून प्यायली, मग वायर तोडून दारातच पेटवली.

धूर पाहून सगळी गल्ली धावली. मला वाटलं, आपल्यासाठीच आली. शेजारची पद्मा मामी सगळ्यांत पुढे होती.

"तुझ्या बातम्यांपायी आमचा सिनेमा गेला गं! उद्यापासून तोंड बंद ठेव."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी नवी वायर आली, आणि माझ्या खुर्चीत ज्योतिषी बसला.

केबल आली आणि लोकांना वाचा फुटली, असं मामी हल्ली सगळ्यांना सांगते. आत्ताही आमच्या ओसरीवर बसून तेच सांगतेय. तास होत आला. मी तिला कॉफी विचारलेली नाही.